हिरव्या खोलीतला उजेड

१

टिरिल आस्पविक हिरव्या खोलीत शिरली तेव्हा सूर्यपावातला जॅम अजून तिच्या बाहीला लागलेला होता. अर्ध्या मिनिटाने ती बाहेर आली, दार मागे लोटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "गेलं सगळं."

गुनवोर एव्हयेन बर्फाची पेटी घेऊन दाराशीच उभी होती. एक वाजता इस्पितळाची गाडी येणार, सहा कुप्या पेटीत ठेवायच्या आणि सही घ्यायची, एवढंच तिचं काम होतं. तिने पेटी खाली ठेवली, टिरिलला बाजूला केलं आणि आत पाऊल टाकलं.

आत नेहमीचा मंद हिरवा दिवा. खिडकीवरचा काळा पडदा खालपर्यंत ओढलेला. खिडकीलगतच्या टेबलावर स्टँडमध्ये सहा कुप्या ओळीने उभ्या. सकाळी त्यांच्यातलं औषध दुधासारखं पांढुरकं होतं. आता ते पाण्यासारखं नितळ दिसत होतं. नितळ म्हणजे संपलं.

कर्करोगाचं जहाल औषध पोटात दडवून बसणारे हे कण, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढे. रक्तातून गुपचूप गाठीपर्यंत जायचं, डॉक्टरने गाठीवर तांबडा उजेड टाकला की तिथेच पोट उघडायचं, बाकीच्या अंगाला त्याची झळ नाही. तोंड मिटून असेपर्यंत औषध दुधाळ, उघडलं की नितळ. निळ्या-हिरव्या उजेडाचं त्यांना काही वाटत नाही, पण तांबडा उजेड पाच मिनिटं पडला तरी कारभार आटोपतो. म्हणून ही खोली हिरवी. दारावर गुनवोरच्याच अक्षरात पाच नियम चिकटवलेले होते. पहिला, 'पडदा बाराही महिने खाली.' शेवटचा, 'इमारतीबाहेरून हिरवा उजेड दिसला तर असाल तिथून परत या आणि सांगा.'

सेन्या बेटावरचा एक म्हातारा कोळी उद्या हे औषध घेणारा पहिला माणूस ठरणार होता.

संस्थेचा प्रमुख ऑडमुंड लियान धापा टाकत आला. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं आले. भिंतीवर गुनवोरने बसवलेला एक मापक होता. तो फक्त तांबडा उजेड मोजायचा आणि दर दहा सेकंदांना कागदाच्या पट्टीवर एक ठिपका उमटवायचा. ऑडमुंडने पट्टी ओढून बाहेरच्या दिव्याखाली धरली.

"अकरा एक्कावन्नला सुरू. अकरा अठ्ठावन्नला बंद," तो म्हणाला. "म्हणजे आपण गच्चीवर होतो तेव्हा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एकवीस जानेवारी. दोन महिन्यांच्या काळोखानंतर आज उत्तर टोकाच्या ट्रोम्सोत सूर्य पहिल्यांदा डोकावला होता. त्याच्या स्वागताला अख्खी संस्था, एक्केचाळीस माणसं, या दिवसासाठी खास भाजलेले जॅमचे सूर्यपाव खात गच्चीवर उभी होती. ऑडमुंडने मनातल्या मनात डोकी मोजली.

"चाळीस," तो म्हणाला. "दुआर्त कुठे होता?"

२

दुआर्त व्हिलार तिसऱ्या मजल्याच्या उत्तरेकडच्या स्वयंपाकघरात होता. एकटाच. सप्टेंबरात पोर्तुगालहून आलेला, कण बनवण्यात टिरिलच्या हाताखाली तयार झालेला.

हिरव्या खोलीच्या किल्ल्या तीन होत्या. एक टिरिलकडे, एक दुआर्तकडे, तिसरी गुनवोरच्या कमरेला. दुआर्तने दहा वाजता कुप्या फ्रीजमधून काढून स्टँडमध्ये लावल्या. अकरा वीसला टिरिल आत डोकावली. "तेव्हा सगळ्या दुधाळ होत्या. मी कुलूप लावलं आणि वर आले," तिने सांगितलं. त्यापुढे ती गच्चीच्या कठड्यापाशी सगळ्यांसमोर उभी राहून चार शब्द बोलली, पाव वाटले, सूर्य मावळेपर्यंत हलली नाही. गुनवोर तिच्या शेजारीच होती. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे उरली एकच किल्ली.

दुआर्तने न मागता आपली पिशवी टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा, लोकरी मोजे, कपाळाला बांधायचा दिवा. असा दिवा इथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी प्रत्येकाच्या पिशवीत असतो. ऑडमुंडने त्याचं बटण दाबलं, पांढरा उजेड पडला. पुन्हा दाबलं, तांबडा.

ऑडमुंडने दिवा टेबलावर ठेवून दिला.

"पोलीस नकोत, ऑडमुंड," टिरिल म्हणाली. डोळे भरलेले होते तिचे. "त्याला घरी जाऊ दे, बस. आणि म्हाताऱ्याला ताटकळत ठेवायला नको. माझी डिसेंबरची खेप आहे फ्रीजमध्ये, तीही मान्य झालेली आहे. गाडी चार वाजता बोलावते."

"ठीक आहे. चारला कागदावर सही करू," ऑडमुंड म्हणाला. "दुआर्त, तुझी नोकरी आज संपली असं समज. आणि अशा कागदावर पुन्हा कुठली प्रयोगशाळा तुला दारात उभी करेल असं मला वाटत नाही."

"माझी सही लागते," गुनवोर म्हणाली.

"काय?"

"मी सुरक्षा प्रतिनिधी आहे. तुम्हीच सगळ्यांनी निवडलंय मला, दुसरं कुणी उभं राहत नव्हतं म्हणून. माझ्या सहीशिवाय कुणाला काढता येत नाही."

"मग चारपर्यंत काय विचारायचं ते विचार," ऑडमुंड वैतागून म्हणाला. "पण चारला सही हवी."

गुनवोर बासष्ट वर्षांची. एकतीस वर्षं याच इमारतीत इतरांची द्रावणं ढवळण्यात गेली. टिरिलला पिपेट धरायला तिनेच शिकवलं होतं, तेव्हा पोरीचा हात असा थरथरायचा की अर्धं द्रावण टेबलावर. आज टिरिलचा फोटो गावच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर, आणि गुनवोरचं नाव शोधनिबंधाच्या शेवटी, आभारांत, तेही नुसत्या आद्याक्षरांत. ते वर्तमानपत्र गुनवोरने चुलीला लावलं होतं. टिरिलला ती पाण्यात पाहायची, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. गेल्या शुक्रवारी चार वाजता गाडीवरचा बर्फ खरवडताना वर पाहिलं तर हिरव्या खोलीत दिवा. 'राबतेय बाई अजून. कुणीतरी बघायला नको का,' असं पुटपुटत ती दोन मिनिटं तशीच बघत उभी राहिली होती, मग घरी जाऊनही रात्रीच्या जेवणात तिचं लक्ष लागलं नव्हतं.

म्हणून आज तिने स्वतःला बजावलं, तुला जे उत्तर आवडेल त्याच्यापासून लांब राहा.

३

"सूर्य बघायला का नाही आलास?" तिने दुआर्तला विचारलं. तो स्वयंपाकघरात गार झालेल्या कॉफीसमोर बसला होता.

"आमच्याकडे तो रोज येतो, गुनवोर. त्याच्यासाठी कुणी पाव वाटत नाही." तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "खरं सांगू? जायचं होतं मला. सगळे आठवडाभर त्याच गप्पा मारत होते. पण टिरिल म्हणाली, इस्पितळाचा फोन येईल, कुणीतरी बसायला हवं. मग बसलो. आईला फोन लावला."

"इस्पितळाचा फोन आला?"

"नाही आला."

"या खिडकीतून सूर्य दिसला?"

"इथून? इथून कचऱ्याचे डबे दिसतात."

"हा कपाळाचा दिवा कुठून घेतलास?"

"टिरिलनं दिला. नाताळची भेट. तांबडा लावत जा म्हणाली, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत." त्याने कप बाजूला सारला. "तू उगाच तिच्याकडे वळू नकोस हं. मला इथे आणलं ते तिनंच. पहिल्या महिन्यात माझ्याकडे धड कोट नव्हता, तिनं भावाचा आणून दिला."

"तुझं कुणाशी वाकडं?"

"माझं? मी शुक्रवारी तीन ते पाच अख्ख्या संस्थेला वॅफल करून घातले. पहिलीच पाळी होती. साच्यापासून हलायलाही मिळालं नाही. तूच नाही का जाताना करपलेलं घेऊन गेलीस, वर म्हणालीस, पोर्तुगालात असेच करतात का?"

"म्हणाले होते."

"मग मी वाकडं कुणाशी धरू? तुझ्याशी?"

गुनवोरला हसू आलं नाही. फोनजवळ बसवणारी टिरिल, दिवा देणारी टिरिल. तिला हवं होतं तेच समोर येत होतं, आणि म्हणूनच त्यावर तिचा विश्वास बसेना. शिवाय टिरिल गच्चीवर होती. गुनवोरच्या खांद्याला खांदा लावून. स्वतःची खेप नासवून तिला काय मिळणार होतं?

बाहेर मार्गिकेत कुणीतरी शीळ घालत चाललं होतं. अशा दिवशी शीळ घालणारा माणूस या मजल्यावर एकच होता.

४

हाल्वर मिरलंड बावन्न वर्षांचा. तांबड्या उजेडाने उघडणाऱ्या कणांची मूळ कल्पना आपली, असं तो बारा वर्षं भेटेल त्याला सांगत आला होता. ते काही अंशी खरंही होतं.

"आनंद झालेला दिसतोय," गुनवोर म्हणाली.

"लपवू कशाला? पाव गोड होता, बातमी त्याहून गोड." तो खुर्चीत रेलला. "पण मी नाही केलं ते. मी गच्चीवर होतो. फोटो काढले मी, हे बघ, अकरा एक्कावन्नला पहिला किरण, अठ्ठावन्नला शेवटचा. सव्वीस फोटो. एकातही टिरिल सूर्याकडे बघत नाहीये. सगळी माणसं समोर बघतायत आणि ही कठड्यावरून खाली."

गुनवोरने फोन हातात घेतला. दक्षिणेला दोन डोंगरांमधल्या खिंडीत तांबडा ठिपका, त्याच्याकडे वळलेली एकोणचाळीस डोकी, त्यातलं एक खाली झुकलेलं. स्वतःचाही चेहरा तिला दिसला. तीही सूर्याकडे बघत नव्हती, ती टिरिलकडे बघत होती. तिने घाईने फोन परत केला.

"तुला तिचा इतका राग का रे?"

"राग होता. गुरुवारी गेला." हाल्वर पुढे झुकला. "तुला खरंच माहीत नाही? अगं, इस्पितळाने दोन खेपा नावं झाकून, कुप्यांवर नुसते आकडे टाकून तपासल्या. एक टिरिलची, डिसेंबरची. दुसरी दुआर्तची. गुरुवारी पत्र आलं. टिरिलच्या खेपेतलं औषध उजेड पडायच्या आधीच थोडं थोडं झिरपतं. चालण्यासारखं आहे, पण थोडंच. दुआर्तची एकदम चोख. त्यांनी दुआर्तची निवडली. या आठवड्यात जाहीर होणार होतं, शोधनिबंधावरही पहिलं नाव त्याचं."

"त्याला हे ठाऊक आहे?"

"त्याला कोण सांगणार? पत्र टिरिलच्या नावे आलं. नक्कल चुकून माझ्याकडे. मी चार दिवस मजा बघत होतो. मी जे बारा वर्षं गिळलं ते तिला चार दिवस तरी गिळू दे म्हटलं."

"ती चिडली?"

"छे. तिनं त्याला मिठी मारली, पत्राबद्दल एक अक्षर न बोलता. तेव्हाच मला भीती वाटली होती."

या मिठीची जात गुनवोरच्या ओळखीची होती. शिकवलेलं पोर पुढे गेलं की कसं वाटतं, हे तिला पुस्तकातून वाचायची गरज नव्हती. नासलेल्या सहा कुप्या टिरिलच्या नव्हत्याच. पण गच्चीवर चाळीस जणांत उभ्या असलेल्या बाईने खालच्या कुलूपबंद खोलीत उजेड पाडला कसा?

ऑडमुंडकडून फिरत हाल्वरच्या टेबलावर आलेली मापकाची पट्टी तिने उचलली. ऑडमुंडने तिच्यावरच्या वेळा वाचल्या होत्या. ठिपक्यांकडे अजून कुणीच पाहिलं नव्हतं.

५

दिवा लावला की लागतो आणि विझवला की विझतो. तांबडा दिवा पेटवला असता तर पट्टीवरचे ठिपके एकदम वर चढले असते, सरळ रेषेत चालले असते आणि एकदम खाली आले असते, खोक्यासारखे. या पट्टीवर टेकडी होती. ठिपके हळूहळू चढले होते, माथ्यावर क्षणभर टेकले आणि हळूहळू उतरले होते.

माणसाचा हात असा उजेड करत नाही. तो कोण करतो हे तिने दोन तासांपूर्वी गच्चीवरून पाहिलं होतं.

गुनवोरने हिरव्या खोलीत जाऊन काळा पडदा वर ओढला. बाहेर दुपारचा निळसर संधिप्रकाश होता, दोन महिने असतो तसा. या निळ्या उजेडाने कणांचं काहीच बिघडत नाही, आणि मापकाला तो दिसतही नाही. खाडीपलीकडे, अगदी समोर, डोंगरांमधली ती खिंड. तिथून उजेड आला तर थेट या टेबलावर, स्टँड होतं तिथे. वर्षातला पहिला सूर्य क्षितिजावरून सरकत जातो, त्याच्यात निळं काही उरतच नाही. जेवढा असतो तेवढा तांबडा.

मग तिचं लक्ष काचेकडे गेलं. शेजारच्या खोल्यांच्या काचांवर समुद्राच्या वाऱ्याने आणलेलं मीठ बसलं होतं, राखेसारखं. खिडक्या इथे मे महिन्यातच धुतात, सगळ्यांनी मिळून, बादल्या घेऊन, शेवटी सॉसेज भाजून. ही एकच काच लख्ख होती. मधल्या दांड्याभोवती खिडकी उलटी फिरवून बाहेरची बाजूही पुसलेली.

टिरिल दारात येऊन उभी राहिली.

"काय शोधतेस?"

"फोन कुणाचा येणार होता ग?"

"इस्पितळाचा. नाही आला. येतो कधी, नाही येत कधी." टिरिलने बाहीवरचा जॅम नखाने खरवडला. "गुनवोर, तुला मी कधीच आवडले नाही. आज तू माझ्याविरुद्ध काहीही शोधून काढलंस तरी लोक काय म्हणतील, माहिती आहे ना? म्हातारीची जुनी पोटदुखी."

"म्हणतील."

"मग सही कर. तो सव्वीस वर्षांचा आहे. त्याला दुसरीकडे मिळेल काहीतरी."

ती गेली. गुनवोर स्टुलावर बसली. सूर्याचं कोडं सुटलं होतं, पण दुआर्त सुटला नव्हता. पडदा त्यानेही वर केला असेल, त्याच्याकडे किल्ली होती, सगळे गच्चीवर असताना तो खालीच होता. काच कुणी, कधी पुसली, याला साक्षीदार कोण?

तेव्हा तिला शुक्रवार आठवला. साक्षीदार ती स्वतःच होती. पण ती साक्ष द्यायची तर आणखी एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगावी लागणार होती.

६

चार वाजता ऑडमुंडच्या खोलीत पाच जण जमले. टेबलावर कागद आणि पेन. दुआर्त कोट घालूनच बसला होता.

गुनवोरने पट्टी मधोमध ठेवली आणि टेकडी दाखवली. शेजारी हाल्वरचा फोन, पहिला किरण आणि शेवटचा किरण. वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या.

"उजेड कुणी लावला नाही," ती म्हणाली. "सूर्यानेच पाडला. कुणीतरी फक्त पडदा वर करून ठेवला."

"पडदा खाली होता," ऑडमुंड म्हणाला. "आपण सगळ्यांनी पाहिला."

"आपण बारा चाळीसला पाहिला. त्याआधी टिरिल अर्धं मिनिट एकटी आत होती. आणि अकरा वीसलाही तीच एकटी आत होती."

"आणि त्याआधी चाळीस मिनिटं दुआर्त एकटा मजल्यावर होता," टिरिल शांतपणे म्हणाली. "सूर्य तर सूर्य. पडदा त्याने वर केला, त्यानेच खाली केला."

हाल्वरने मान हलवली. "यात मुद्दा आहे, गुनवोर."

"आहे. म्हणून काच बघा. दोन्ही बाजूंनी पुसलेली आहे. हे काम आजचं नाही. आज सकाळपासून मार्गिकेत वर्दळ होती. हे शुक्रवारी झालं, चारच्या सुमाराला."

"कशावरून?"

गुनवोरने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"कारण मी पाहिलं. खाली गाडीपाशी होते. हिरव्या खोलीतला दिवा मला दिसला. पडदा खाली असता तर तो दिसलाच नसता, त्या पडद्यातून सुईएवढाही उजेड येत नाही, मीच निवडून आणलाय तो. म्हणजे पडदा वर होता. दुआर्त तेव्हा तळमजल्यावर वॅफल करत होता, तीन ते पाच, निम्मी संस्था त्याच्यासमोर ताटली घेऊन उभी. निघताना मी स्वतः त्याच्या हातून घेतलं. माझी किल्ली माझ्या कमरेला. उरली एक."

दुआर्तने सावकाश मान वळवून टिरिलकडे पाहिलं. तो बिचारा अजूनही तिच्याकडे, 'हे खोटं आहे असं सांग ना,' अशा नजरेनेच बघत होता.

"पण का?" तो म्हणाला. "ती खेप तुझीच ना."

"तुझी होती," हाल्वर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मजा नव्हती. "गुरुवारी पत्र आलं. त्यांनी तुझी निवडली. मला माहीत होतं, मीही बोललो नाही."

ऑडमुंडने कपाळ चोळलं. मग तो गुनवोरकडे वळला, आणि ती ज्याला घाबरत होती तो प्रश्न आला.

"दारावरचा पाचवा नियम कुणाचा आहे?"

"माझा."

"उजेड दिसला तर परत या. तू परत का नाही गेलीस?"

ती खोटं बोलू शकली असती. थंडी होती, पाय घसरत होता, लक्षात आलं नाही. एकतीस वर्षांत तिने एवढं खोटं बोलण्याचा हक्क नक्कीच कमावला होता. पण दुआर्त कोट घालून बसला होता, आणि अर्धी साक्ष ऐकून त्याला कुणी सोडणार नव्हतं.

"मत्सर," ती म्हणाली. "दिवा दिसला तेव्हा मला पडदा दिसलाच नाही. वर नुसता उजेड होता, पण मला त्यात टिरिल दिसली. अजून काम करतेय, अजून पुढे जाणार, एवढंच. दुसऱ्या कुणाचा दिवा असता तर मी धावत वर आले असते."

टिरिल इतका वेळ टेबलावरच्या कागदाकडे बघत होती. तिने नाकारलं नाही.

"मला तू दिसली होतीस," ती म्हणाली. "खिडकी उलटी फिरवलेली, हातात फडकं. खाली तू. तू मान वर करून बघत होतीस, दोन मिनिटं तरी. मला वाटलं, संपलं. आता ही येणार. मी फडकं खाली ठेवलं आणि जिन्यावर तुझ्या पावलांची वाट बघत बसले." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मला बरं वाटलं होतं, गुनवोर. तू आली असतीस तर मी तुझ्यापाशी रडले असते आणि सगळं तिथेच थांबलं असतं. तू गाडीत बसलीस आणि निघून गेलीस."

पिपेट धरताना थरथरणारा तो हात गुनवोरला आठवला. तेव्हा ती मागून त्या हातावर आपला हात ठेवायची.

ऑडमुंडने दुआर्तचा कागद फाडला, दुसरा कोरा कागद पुढे ओढला आणि टिरिलला थांबायला सांगितलं. इस्पितळाची गाडी रिकामीच परत गेली. म्हाताऱ्या कोळ्याला फोनवर तीन आठवडे थांबायला सांगावं लागलं. तो म्हणाला, हरकत नाही, तोवर मासे पकडतो म्हणावं.

७

दुआर्त जिन्यात भेटला. डोळे लाल होते.

"उद्या नवी खेप सुरू करायची," गुनवोर म्हणाली. "सातला ये. मी ढवळायला असेन."

"तू माझ्यावर पण जळशील का पुढे?" त्याने विचारलं. थट्टा होती की नाही, कुणास ठाऊक.

"जळेन," ती म्हणाली. "पण सांगून जळेन."

खाली अंधार पडला होता. तिने गाडीवरचा बर्फ खरवडला, काच पुसली आणि वर पाहिलं. तिसरा मजला काळाभोर. हिरव्याचा ठिपकाही नाही. पडदा नीट खाली होता, तो तिने स्वतःच्या हाताने ओढला होता.

तरीही तिने गाडीचं दार पुन्हा बंद केलं आणि जिना चढून ती परत वर गेली. ऑडमुंडच्या खोलीबाहेरच्या बाकावर टिरिल एकटीच बसली होती, कोट मांडीवर घेऊन. गुनवोर तिच्या शेजारी जाऊन बसली.